खडा टाकून पाहण्याची जागा: विद्यापीठांतली युरोपवरची जाहीर व्याख्यानं

जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठात युरोपविषयीच्या व्याख्यानाचं पोस्टर दिसलं आणि त्यावर वेळ ‘१८ सी. टी.’ अशी छापलेली असली, तर बरोबर सहाला जाऊन बसू नका. माइक तपासणारा एखादा विद्यार्थी सोडला तर सभागृहात चिटपाखरू नसेल. ‘सी. टी.’ म्हणजे लॅटिनमधलं ‘कुम टेम्पोरे’, शब्दशः ‘वेळेसह’. छापलेल्या तासावर पाव तास वाढवून धरायचा, म्हणजे व्याख्यान सव्वासहाला. गावातल्या घड्याळाचे टोल ऐकून विद्यार्थी निघायचे आणि पंधरा मिनिटांत वर्गात पोचायचे, त्या काळापासूनची ही सवलत आहे असं सांगतात. ‘एस. टी.’, म्हणजे ‘सिने टेम्पोरे’, असं लिहिलं असेल तर मात्र सवलत नाही. ठोक्याला हजर राहायचं.

पोस्टरवर हे कुणी समजावून देत नाही. या व्याख्यानांची खरी अडचण तीच असते. विषय अवघड असतोच, पण त्याहून जास्त अडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे असं गृहीत धरून वगळलेल्या गोष्टींपाशी. वक्ता ‘कॉस्टा’ म्हणतो आणि पुढे जातो. कुणी ‘कौन्सिल’ म्हणतं, आणि तीन वेगवेगळ्या संस्थांपैकी नेमकी कोणती ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. शिवाय एवढा मोठा मंत्री संसद सोडून विद्यार्थ्यांपुढे कशाला बोलतोय, हाही प्रश्न असतोच. तिथूनच सुरुवात करू, पण त्याआधी विषयाबद्दल थोडं.

‘युरोपियन स्टडीज’, म्हणजे युरोपचा अभ्यास, हा गणित किंवा रसायनशास्त्रासारखा एकसंध विषय नाही. एकाच छपराखाली इतिहासकार, कायद्याचे प्राध्यापक, अर्थतज्ज्ञ, राजकारणाचे अभ्यासक आणि भाषेची माणसं बसलेली असतात. त्यांचं आपसात पटतंच असं नाही. समजा व्याख्यानमालेचा विषय ‘सीमा’ असा आहे. कायदेवाला शेंगेनपासून सुरू करेल: लक्झेंबर्गमधलं एक छोटं गाव, १४ जून १९८५, मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांच्या सह्या आणि आपसातली तपासणी टप्प्याटप्प्यानं उठवण्याचा करार. अर्थतज्ज्ञ विचारेल की ट्रक सीमेवर थांबला नाही तर किती तास वाचतात. इतिहासकाराला मुळात ‘युरोप कुठे संपतो’ हेच विचारायचं असतं. फ्रेंच गयाना दक्षिण अमेरिकेत आहे, पण तो फ्रान्सचाच भाग असल्यानं तिथे युरो चालतो, आणि फ्रान्सची सगळ्यात लांब जमिनीवरची सीमा जर्मनीशी किंवा स्पेनशी नसून ब्राझीलशी आहे. मोरोक्कोनं १९८७ मध्ये युरोपीय समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या पूर्वसुरीच्या, सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा तुम्ही युरोपीय नाही म्हणून नकार मिळाला. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की ‘सीमा’ हा शब्द दिसतो तितका सरळ राहत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवलेली बरी. युरोप म्हणजे युरोपियन युनियन नव्हे. युनियनमध्ये २७ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे कधीच आत नव्हते. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं. पण व्याख्यानांत ‘युरोपनं ठरवलं’ अशी वाक्यं सर्रास येतात. ती ऐकली की मनात लगेच विचारावं: कुठल्या युरोपनं?

आता मंत्री विद्यापीठात का येतात ते पाहू.

संसदेत बोललेलं वाक्य सरकारचं वचन ठरतं. पत्रकार परिषदेत बोललेल्या वाक्यावर पुढचा प्रश्न लगेच येतो. विद्यापीठाचं व्यासपीठ या दोन्हींच्या मधली जागा आहे. तिथे खडा टाकून पाहता येतो. कल्पना लोकांना पटली तर ती धोरण होते, नाही पटली तर ‘तो शैक्षणिक विचार होता’ म्हणून हात झटकता येतात. युरोपचं एकीकरण हे गेली पाऊणशे वर्षं अर्धवट राहिलेलं काम आहे आणि त्याचा अंतिम आराखडा कुणापाशीच नाही. म्हणून असे खडे इथे वारंवार पडत आले आहेत.

पहिला मोठा खडा पडला १९ सप्टेंबर १९४६ ला, झुरिच विद्यापीठात. विन्स्टन चर्चिल आदल्या वर्षी निवडणूक हरले होते. पंतप्रधान नव्हते, विरोधी पक्षनेते होते, म्हणजे बोलायला मोकळे. त्यांनी ‘युनायटेड स्टेट्स ऑफ युरोप’सारखं काहीतरी उभारायला हवं असं म्हटलं, आणि पुढे त्याहून धक्कादायक गोष्ट बोलले: पहिलं पाऊल फ्रान्स आणि जर्मनीच्या भागीदारीचं असायला हवं. युद्ध संपून जेमतेम सोळा महिने झाले होते. आज त्या भाषणाचा उल्लेख ‘चर्चिल युरोपवादी होते’ असं सिद्ध करायला होतो, तेव्हा एक तपशील सोयीस्करपणे गाळला जातो. त्यांच्या चित्रात ब्रिटन या नव्या घराच्या आत नव्हतं. ते बाहेर उभं राहून पाठीवर हात ठेवणारा मित्र होतं.

नऊ महिन्यांनी, ५ जून १९४७ ला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल हार्वर्डमध्ये मानद पदवी घ्यायला गेले आणि दुपारी पंधरा मिनिटांच्या आत संपेल एवढंसं बोलले. भाषणात आकडे नव्हते, योजना नव्हती. युरोपीय देशांनी आपसात बसून काय हवं ते ठरवावं, पुढाकार त्यांचा असावा, आम्ही मदत करू, असा त्याचा सारांश. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी ते बीबीसी रेडिओवर ऐकलं आणि हा निरोप आपल्यासाठी आहे हे ताडलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत कायदा झाला, आणि त्यातून सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात गेले. बेव्हिन यांच्यासारखा कान नसता तर ते पदवीदानाचं आणखी एक भाषण म्हणून विरून गेलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

पण खडा टाकण्याची पद्धत नीट पाहायची तर बर्लिनला जायला हवं. १२ मे २००० ला हुम्बोल्ट विद्यापीठात जर्मनीचे परराष्ट्रमंत्री योश्का फिशर बोलायला उभे राहिले. तीनच दिवसांपूर्वी शूमान घोषणेला ५० वर्षं झाली होती. कोळसा आणि पोलाद सामायिक यंत्रणेखाली आणायचा हा ९ मे १९५० चा प्रस्ताव, आजच्या युनियनचं मूळ. फिशर यांनी आरंभीच स्पष्ट केलं की मंत्रिपदाची झूल बाजूला ठेवून मी आज व्यक्ती म्हणून बोलणार आहे. श्रोत्यांत कुणालाही ते अक्षरशः खरं वाटलं नसणार. परराष्ट्रमंत्र्याची झूल अशी खुंटीला टांगता येत नाही. पण या एका वाक्यानं त्यांना मोकळीक मिळाली. त्यांनी संघराज्याचं चित्र मांडलं: दोन सभागृहांची युरोपीय संसद, खरं सरकार आणि या सगळ्याला पायाभूत असा संविधानात्मक करार.

खड्यानं उठलेले तरंग कसे पसरले ते पाहण्यासारखं आहे. पुढच्याच महिन्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी जर्मन संसदेत उत्तर दिलं. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, म्हणाले की युरोप महासत्ता व्हावा, महाराज्य होऊ नये. २००२ मध्ये युरोपच्या भवितव्यावर एक अधिवेशन भरलं, आणि काही महिन्यांनी त्यात जर्मन सरकारचे प्रतिनिधी म्हणून जाऊन बसले तेच फिशर, आता झुलीसकट. २९ ऑक्टोबर २००४ ला रोममध्ये संविधान करारावर सह्या झाल्या. मग २९ मे २००५ ला फ्रान्सच्या मतदारांनी सुमारे ५५ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं, आणि तीन दिवसांनी नेदरलँड्सनं ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी. करार तिथेच बारगळला. त्यातला बराच मजकूर ‘संविधान’ हा शब्द काढून लिस्बन करारात आला आणि १ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. आज युरोपची यंत्रणा ज्या नियमांवर चालते, त्यांच्यामागे विद्यापीठाच्या सभागृहातल्या एका संध्याकाळचाही वाटा आहे.

सगळे खडे एकाच दिशेनं पडत नाहीत. बेल्जियममधल्या ब्रुजला ‘कॉलेज ऑफ युरोप’ आहे, १९४९ पासूनचं. तिथे शैक्षणिक वर्षाची सुरुवात एखाद्या बड्या पाहुण्याच्या भाषणानं होते. २० सप्टेंबर १९८८ ला ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आल्या आणि आम्ही ब्रिटनमध्ये सरकारचा पसारा आवरला तो ब्रुसेल्समधून, म्हणजे युरोपीय संस्थांच्या मुख्यालयातून, पुन्हा अंगावर घ्यायला नाही, अशा अर्थाचं त्यांनी यजमानांना सुनावलं. युरोपवाद्यांच्या घरात जाऊन! त्या भाषणाच्या नावानं पुढे लंडनमध्ये ‘ब्रुज ग्रुप’ उभा राहिला, आणि ब्रेक्झिटकडे, म्हणजे ब्रिटनच्या युनियनबाहेर पडण्याकडे, जाणाऱ्या वाटेवरचा एक ठळक दगड म्हणून ते भाषण ओळखलं जातं. वर्षभरानं, १७ ऑक्टोबर १९८९ ला, त्याच कॉलेजात युरोपीय आयोगाचे, म्हणजे युरोपीय यंत्रणेच्या कार्यकारी मंडळाचे, अध्यक्ष जाक देलोर यांनी नेमकी उलटी बाजू मांडली: इतिहास वेग घेतोय, आपणही घ्यायला हवा. तेवीस दिवसांनी बर्लिनची भिंत पडली. ही दोन्ही भाषणं लागोपाठ वाचली तर सार्वभौमत्वावरचा अर्धा वाद समजतो. पाठ्यपुस्तकाच्या चार प्रकरणांतून इतकं हाती लागत नाही.

अलीकडचं सांगायचं तर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष एमान्युएल मॅक्रॉन २६ सप्टेंबर २०१७ ला पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात दीड तासाच्या आसपास बोलले. डझनावारी प्रस्ताव होते. त्यांतला एक चांगला रुजला. २०२४ पर्यंत देशोदेशीच्या विद्यापीठांची मिळून किमान वीस ‘युरोपीय विद्यापीठं’ व्हावीत, असं ते म्हणाले होते. अशा आघाड्या आज साठाहून जास्त आहेत. विद्यापीठात बोललेल्या गोष्टींपैकी विद्यापीठांविषयीची फळाला आली, यात नवल नसावं.

प्रागचं चार्ल्स विद्यापीठ १३४८ चं. तिथे २९ ऑगस्ट २०२२ ला जर्मनीचे चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी मतदानाच्या पद्धतीवर बोट ठेवलं. हा भाग नेहमी कंटाळवाणा वाटतो, पण युरोपवरच्या निम्म्या व्याख्यानांचा कणा तोच असतो, म्हणून इथे जरा थांबू.

युनियनमध्ये मंत्री मत देतात तेव्हा बहुतेक विषयांत ‘पात्र बहुमत’ लागतं. म्हणजे एकाच वेळी दोन अटी: देशांपैकी किमान ५५ टक्के, म्हणजे २७ पैकी १५, बाजूनं हवेत आणि त्या देशांची मिळून लोकसंख्या युनियनच्या ६५ टक्के तरी भरली पाहिजे. एकूण लोकसंख्या ४५ कोटींच्या आसपास. जर्मनीची आठ कोटींहून जास्त, माल्टाची साधारण साडेपाच लाख. नुसते देश मोजले तर माल्टा आणि जर्मनी सारखे होतात, नुसती माणसं मोजली तर माल्टाचं मत हवेत विरतं. म्हणून दोन्ही मोजायचं. वर आणखी एक मेख आहे: लोकसंख्येच्या जोरावर प्रस्ताव अडवायचा असेल तर अडवणारे किमान चार देश हवेत. तीन मोठ्यांनी मिळून सगळ्यांना वेठीला धरू नये, म्हणून ही सोय.

पण परराष्ट्र धोरण, करआकारणी आणि नवे सदस्य घेणं अशा नाजूक विषयांत एकमत लागतं. तिथे एक देश सगळ्यांना थांबवू शकतो. शोल्त्स यांचं म्हणणं असं की उद्या युनियन ३० किंवा ३६ देशांची झाली तर हे चालायचं नाही, तेव्हा निर्बंध किंवा मानवी हक्क अशा विषयांपासून हळूहळू बहुमताकडे वळावं. व्याख्यान झालं, नियम तसाच राहिला. मग १४ डिसेंबर २०२३ ची संध्याकाळ आली. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची होती आणि हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा विरोध होता. त्यांना खोलीबाहेर जाण्याची सूचना केली ती शोल्त्स यांनीच. ओर्बान बाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेऊन टाकला. जो आतच नाही तो ‘नाही’ म्हणू शकत नाही. प्रागच्या सभागृहात जो प्रश्न तत्त्वाचा होता, त्यावर सव्वा वर्षानं ब्रुसेल्समध्ये दाराबाहेर काढून तोडगा निघाला. मला स्वतःला हा तोडगा हुशारीचा वाटतो आणि काळजीचाही. दर वेळी विरोधक उठून बाहेर जाईल, याची खात्री कोण देणार?

ही खोली होती ‘युरोपियन कौन्सिल’ची, आणि शब्दांचा घोळ इथूनच सुरू होतो. युरोपियन कौन्सिल म्हणजे सदस्य देशांच्या राष्ट्रप्रमुखांची किंवा पंतप्रधानांची बैठक. ‘कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन’, जिला सगळे नुसतं ‘कौन्सिल’ म्हणतात, ती मंत्र्यांची. शेतीचा विषय असेल तर शेतीमंत्री जमतात, अर्थाचा असेल तर अर्थमंत्री. वरचं ५५ आणि ६५ टक्क्यांचं गणित मुख्यतः हिच्यात चालतं. आणि तिसरी ‘कौन्सिल ऑफ युरोप’, ती युनियनची संस्थाच नाही. ती १९४९ ची, मुक्काम स्ट्रासबर्ग, सदस्य ४६, त्यांत ब्रिटन आणि तुर्कस्तानही. रशिया होता, मार्च २०२२ मध्ये त्याला काढलं. हे ज्यांनी नामकरण केलं त्यांनी पुढच्या पिढ्यांचा जराही विचार केला नाही. न्यायालयांचंही तेच. लक्झेंबर्गमधलं न्यायालय युनियनचं, तर स्ट्रासबर्गमधलं मानवी हक्क न्यायालय या तिसऱ्या कौन्सिलचं. बातम्यांत दोन्हींना ‘युरोपीय न्यायालय’ म्हणून मोकळे होतात. व्याख्यानात संस्थेचं नाव कळलं नाही तर शहराचं नाव ऐका, काम भागतं.

झेंडासुद्धा मुळात या तिसऱ्या कौन्सिलचा. निळ्यावर १२ पिवळे तारे १९५५ मध्ये तिनं स्वीकारले, आजच्या युनियनच्या पूर्वसुरींनी ते तीस वर्षांनी घेतले. तारे देशांची संख्या दाखवत नाहीत. देश वाढोत की घटोत, तारे बाराच.

कायद्यावरचं व्याख्यान असेल तर पहिल्या दहा मिनिटांत ‘कॉस्टा’ हे नाव येतंच. फ्लामिनिओ कॉस्टा हे मिलानमधले वकील. इटलीनं वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करून ‘एनेल’ ही सरकारी कंपनी काढली. कॉस्टा यांचे शेअर्स होते अशा एका खासगी वीज कंपनीत, त्यामुळे त्यांना ते रुचलं नाही, आणि त्यांनी १,९२५ लिरांचं विजेचं बिल भरायला नकार दिला. रक्कम किरकोळ होती. मुद्दा असा की राष्ट्रीयीकरणाचा इटालियन कायदा रोमच्या युरोपीय कराराविरुद्ध जातो. प्रकरण लक्झेंबर्गला गेलं आणि १५ जुलै १९६४ ला न्यायालयानं सांगितलं: युरोपीय कायदा आणि देशाचा कायदा यांत विरोध आला तर वरचढ युरोपीय कायदा. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी ते करारांच्या स्वरूपावरून काढलं. त्याआधीच्याच वर्षी, ५ फेब्रुवारी १९६३ ला, ‘व्हान खेंड एन लोस’ या डच वाहतूक कंपनीच्या खटल्यात त्यांनी ठरवलं होतं की करारातले हक्क सामान्य नागरिकही आपल्या देशातल्या न्यायालयात मागू शकतो. तो खटलाही जर्मनीतून आणलेल्या एका रसायनावरचं आयातशुल्क ३ वरून ८ टक्के झालं एवढ्यावरूनच उभा राहिला होता. एक न भरलेलं बिल आणि एक वाढलेलं शुल्क, या दोन कागदांवर युरोपीय कायद्याची इमारत उभी आहे. या कहाण्या व्याख्यानात सांगत नाहीत, नुसती नावं घेतात, म्हणून इथे सांगितल्या.

पोस्टरच्या तळाशी परत येऊ. तिथे बऱ्याचदा तो बारा ताऱ्यांचा झेंडा असतो आणि बाजूला बारीक अक्षरांत: निधी युरोपियन युनियनचा, मतं मात्र वक्त्याची. अनेकदा हा निधी ‘ज्यां मोने’ उपक्रमातून आलेला असतो. युरोपीय आयोगानं १९८९ मध्ये तो सुरू केला, आता तो ‘इरॅस्मस प्लस’ या युनियनच्या शिक्षणविषयक कार्यक्रमाचा भाग आहे. त्यातून जगभरच्या विद्यापीठांत युरोपविषयक अध्यासनं आणि केंद्रं चालतात. अध्यासन तीन वर्षांचं असतं आणि प्राध्यापकाला वर्षाला किमान ९० तास शिकवावं लागतं. वर्गाबाहेरच्या लोकांपर्यंत पोचावं अशीही अपेक्षा असते, आणि जाहीर व्याख्यानं हा त्याचा सोपा मार्ग. ज्यांच्या नावानं ही अध्यासनं आहेत ते ज्यां मोने स्वतः विद्यापीठात शिकले नव्हते. कोन्याक गावच्या ब्रँडी व्यापाऱ्याचा हा मुलगा सोळाव्या वर्षी शाळा सोडून धंद्याला लागला, आणि शूमान घोषणेचा मसुदा पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झाला.

मग युनियनच्या पैशानं भरलेलं व्याख्यान म्हणजे युनियनची जाहिरात का? अशी टीका होते आणि तिच्यात काहीच तथ्य नाही असं म्हणवत नाही. कोणते विषय निवडले जातात यावर निधीचा परिणाम होतोच. पण युरोपीय यंत्रणेवरची जहरी टीकाही मी अशाच झेंड्याच्या पोस्टरखाली ऐकली आहे. पोस्टरवर वक्त्याच्या नावाखाली ‘प्रतिसादक’ म्हणून आणखी कुणाचं नाव आहे का ते बघा. मुद्दाम विरुद्ध मताचा माणूस बोलावला असेल तर संध्याकाळ सत्कारणी लागते. नसेल तर बऱ्याचदा नुसती स्तुती ऐकून परत यावं लागतं.

बाकीचे प्रकार पटकन. नव्या प्राध्यापकाचं पदग्रहण व्याख्यान खुलं असतं, तिथे घरचे लोकही येतात, त्यामुळे भाषा जरा सोपी मिळते. नव्या पुस्तकावरची चर्चा पुस्तक न वाचता गेलं तरी चालते, निम्मं सभागृह तसंच आलेलं असतं. गोलमेज परिसंवादात पाच वक्ते असले की कुणाचंच धड ऐकायला मिळत नाही. नेदरलँड्समध्ये पीएचडीची तोंडी परीक्षा जाहीर असते. पाऊण तास प्रश्नांचा मारा चालतो, मग दंडधारी सेवक आत येतो आणि ‘होरा एस्ट’, वेळ झाली, म्हणतो, की वाक्य अर्धं असलं तरी तिथेच थांबायचं. ९ मे च्या युरोप दिनाला विद्यार्थी मंत्री बनून खोटी कौन्सिल भरवतात. वर सांगितलेलं मतांचं गणित समजायला त्याहून चांगला मार्ग नाही. फ्लॉरेन्सजवळच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटची मे महिन्यातली परिषद बड्या नावांची असते, आणि तिच्यातलं पुष्कळ ऑनलाइन पाहता येतं.

एखाद्या कार्यक्रमाला ‘चॅटम हाउस नियम’ लागू असेल तर काय ऐकलं ते बाहेर सांगता येतं, पण कोण म्हणालं ते सांगायचं नाही. तिथे कोण कोण होतं हेही नाही. लंडनमधल्या त्या संस्थेनं हा नियम १९२७ मध्ये केला. जाहीर व्याख्यानाला तो लागत नाही, तिथे नाव घेऊन उद्धृत करायला मोकळीक असते.

राहिली प्रश्नोत्तरं. हात वर होतात आणि पहिले गृहस्थ ‘माझा प्रश्न नाही, थोडं भाष्य आहे’ म्हणून सात मिनिटं खातात. याला देशाची हद्द नाही. आपल्याला विचारायचं असेल तर एकच विचारावं, आणि तपशिलाला धरून. ‘युरोपचं भवितव्य काय?’ या प्रश्नाला वक्त्याकडे तयार उत्तर असतं, ते विमानतळावरच तोंडपाठ झालेलं असतं. त्याऐवजी ‘ही सुधारणा करायला करार बदलावा लागेल का, की आहे त्या करारात बसते?’ असं विचारलं तर त्याला थांबून विचार करावा लागतो. करार बदलायचा म्हणजे सगळ्या २७ देशांची मंजुरी, काही ठिकाणी जनमत, आणि २००५ ची आठवण सगळ्यांच्या मनात ताजी आहे. किंवा कुणी ब्रेक्झिट ही युरोपातून बाहेर पडण्याची पहिली घटना म्हणून सांगत असेल, तर ग्रीनलँडबद्दल विचारा. १९८२ मध्ये तिथे जनमत झालं आणि १९८५ मध्ये ते युरोपीय समुदायातून बाहेर पडलं. त्याहून आधीचं अल्जेरियाचं प्रकरण आहे. १९५७ च्या रोम करारात त्याचं नाव घेऊन तरतुदी होत्या, कारण तेव्हा तो फ्रान्सचा भाग होता, आणि १९६२ मध्ये तो स्वतंत्र झाला. युरोपचा इतिहास सहा देशांनी शांततेसाठी एकत्र येण्याची गोष्ट म्हणून सांगतात, तेव्हा त्या सहांपैकी काहींच्या वसाहती कुठे बसतात, हा प्रश्न आता अभ्यासकही विचारू लागले आहेत.

शेवटी टाळ्यांऐवजी लाकडावर ठकठक ऐकू आली तर दचकू नका. जर्मन विद्यापीठांत व्याख्यान आवडलं की मुठीची बोटं बाकावर आपटतात. गादीच्या खुर्च्या असलेल्या नव्या सभागृहांत त्याचा फारसा आवाज होत नाही. जुनी लाकडी बाकं छान वाजतात.